कोळंबी मासा आहे का?

गेल्या वेळी ग्रंथालयातल्या वर्गीकरणावर लिहिताना शेवटच्या परिच्छेदात मी 'ऑन्टॉलॉजी' हा शब्द वापरला आणि तो न उलगडताच पुढे गेले. त्या एका शब्दावर पत्रं आली. त्यातली चार इथे घेते आहे. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न मला स्वतःला दोन वर्षं पुरला आहे.

ताई, मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑन्टॉलॉजीची व्याख्या पाठ केली आहे, परीक्षेत लिहीनही. पण डेटाबेसमध्येही तक्ते असतात, रकाने असतात, एका तक्त्याचं दुसऱ्याशी नातं असतं. मग ऑन्टॉलॉजी वेगळी कशी? आणि मराठीत तिला काय म्हणायचं? — एक विद्यार्थिनी, डोंबिवली

तू पाठ केलेली व्याख्या बहुधा टॉम ग्रुबर यांची असेल, 1993 सालची: एखाद्या विषयाकडे आपण ज्या संकल्पनांमधून पाहतो त्यांची उघड, नेमकी मांडणी. व्याख्या बरोबर आहे, पण ती वाचून हाताला काही लागत नाही. मला ती कळली मासळी बाजारात, म्हणून तुला तिथेच घेऊन जाते.

मी 24 वर्षं दादरच्या एका ग्रंथालयात तालिकीकरणाचं काम केलं. पुस्तक हातात घ्यायचं, विषय ठरवायचा, क्रमांक द्यायचा, फळीवर लावायचं. मासळीवरचं पुस्तक आलं की दर वेळी अडायला व्हायचं. ड्यूई पद्धतीत मासा हा प्राणी म्हणून 597 मध्ये जातो, मासेमारीचा धंदा म्हणून 639 मध्ये आणि रांधायचा म्हणून 641 मध्ये. मासा एकच, पण पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकतं. निवृत्त झाल्यावर भाचीने माझ्या लॅपटॉपवर प्रोटेजे नावाचं स्टॅनफर्ड विद्यापीठाचं मोफत सॉफ्टवेअर बसवून दिलं. त्यात एक संकल्पना हव्या तितक्या नात्यांनी बांधता येते हे पाहिलं, आणि ठरवलं की मुंबईच्या बाजारातल्या मासळीची ऑन्टॉलॉजी करायची.

पहिल्या संध्याकाळी वर 'मासळी' लिहिलं. तिच्याखाली पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील, कोळंबी, आणि शिंपल्यांतल्या तिसऱ्या. मग शाळेत शिकलेलं आठवून घातलं: प्रत्येक मासळी पृष्ठवंशी असते. कोळंबी आणि तिसऱ्या अपृष्ठवंशी. आणि पृष्ठवंशी असलेली कोणतीही गोष्ट अपृष्ठवंशी असू शकत नाही. हे तिसरं वाक्य लिहायची गरज आहे हे मला आधी सुचलंच नव्हतं. आपल्याला ते शब्दातच दिसतं, पण यंत्राला ही दोन नुसती नावं आहेत. सांगितलं नाही तर एकच प्राणी दोन्ही असू शकतो असं ते धरून चालतं.

मग 'रीझनर' चालवला. लिहिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणारा तो भाग असतो. कोळंबी आणि तिसऱ्या ही दोन्ही नावं लाल झाली आणि यादीतून उचलली जाऊन 'नथिंग' या कप्प्याखाली गेली. त्याचा अर्थ असा की तुम्ही जे लिहिलंत ते सगळं खरं असेल, तर जगात एकही कोळंबी असू शकत नाही.

शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारली तर कारणही समोर आलं. कोळंबी ही मासळी आहे. प्रत्येक मासळी पृष्ठवंशी आहे. कोळंबी अपृष्ठवंशी आहे. दोन्ही एकाच वेळी असता येत नाही. चार वाक्यं, आणि त्यातलं एक मला मागे घ्यायचं होतं. कोणतं, हे यंत्र सांगत नाही. ते ठरवणं आपलं काम.

दुसऱ्या दिवशी सिटीलाइटच्या बाजारात गेले. ज्या मावशींकडून मी वर्षानुवर्षं मासळी घेते त्यांना विचारलं, "मावशी, कोळंबी मासळी आहे का हो?" त्या कोळंबी सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मंग काय भाजी हाय? दर्यातून येतं, पाटीत बसतं, ती मासळी."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं. माझ्या शाळेच्या पुस्तकापेक्षा या व्याख्येने माझं काम जास्त पुढे गेलं. मावशींची मासळी प्राण्याच्या शरीरावरून ठरत नाही, ती कुठून येते आणि तिचं पुढे काय होतं यावरून ठरते. मी 'मासा' आणि 'मासळी' या दोन संकल्पना एकच समजले होते, आणि मराठीने मला दोन वेगळे शब्द आधीच देऊन ठेवले होते. आता माझ्याकडे 'मासा' हा कणा असलेला प्राणी आहे, आणि 'मासळी' म्हणजे समुद्रातून येऊन विकली जाणारी गोष्ट. पापलेट दोन्हीकडे आहे. कोळंबी फक्त दुसरीकडे. आमच्या शेजाऱ्यांच्या काचपेटीतला गोल्डफिश फक्त पहिलीकडे. पुन्हा रीझनर चालवला, लाल काहीच आलं नाही.

पण खरी चूक जिथे झाली तिथे लाल आलंच नव्हतं. 'सुका बोंबील' मी 'बोंबील'च्या खाली घातला होता, कारण बोलताना तो बोंबलाचा प्रकारच वाटतो. बोंबील होता 'सजीव' खाली. तेव्हा यंत्राच्या लेखी दोरीवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेला बोंबील जिवंत होता, आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, कारण सुकवलेली वस्तू जिवंत नसते हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. आता 'सुका बोंबील' हा बोंबलाचा प्रकार नाही. तो बोंबलापासून बनलेला पदार्थ आहे, आणि 'पासून बनतो' हे नातं मी वेगळं लिहिलं आहे. 'चा प्रकार', 'चा भाग', 'पासून बनतो' ही तीन नाती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. नवीन माणसाचा घोळ सर्वांत जास्त इथेच होतो, म्हणून हे तुला पहिल्यांदा सांगते.

आता डेटाबेसशी फरक. रेल्वेचा आरक्षणाचा तक्ता आठव. त्यात तुझं नाव नसेल तर तुझं आरक्षण नाही, विषय संपला. डेटाबेस बहुतेक वेळा असाच चालतो: लिहिलेलं नाही म्हणजे नाही. ऑन्टॉलॉजीत तसं नसतं. माझ्या नोंदींत 'बांगडा सुकवतात' असं लिहिलेलं नाही म्हणून बांगडा सुकवत नाहीत असा निष्कर्ष निघत नाही, फक्त 'माहीत नाही' एवढंच निघतं. 'नाही' म्हणायचं असेल तर 'नाही' असं लिहावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे डेटाबेस तू भरलेलं तुला परत देतो आणि नियमात न बसणारी नोंद नाकारतो. ऑन्टॉलॉजी तू न भरलेलंही देते, भरलेल्यातून जे अटळपणे निघतं ते. 2004 साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने आउल ही भाषा मान्य केली ती याचसाठी: अशी विधानं सगळ्यांनी एकाच रीतीने लिहावीत आणि कोणत्याही रीझनरने त्यांतून तेच निष्कर्ष काढावेत.

नावांबद्दलही थोडं सांगते, कारण मुंबईत राहून ते न सांगणं बरोबर नाही. हलव्याला इंग्रजीत 'ब्लॅक पॉम्फ्रेट' म्हणतात, म्हणून तो पापलेटचा भाऊ वाटतो. प्राणिशास्त्रात तो पापलेटच्या कुळातला नाहीच, दोघांची कुळं वेगळी. उलट दिसायला आणि भावाला इतके वेगळे असलेले सुरमई आणि बांगडा एकाच कुळातले. बोंबलाचं इंग्रजी नाव 'बॉम्बे डक', आणि त्याचा बदकाशी काडीचा संबंध नाही. नावावर विसंबून मांडणी केली की ती अशी फसते. म्हणून ऑन्टॉलॉजीत प्रत्येक संकल्पनेला आधी एक कायमची ओळख देतात आणि नावं त्या ओळखीला नंतर जोडतात, हवी तितकी, हव्या त्या भाषेत. विकिपीडियाच्या जोडीने चालणाऱ्या विकिडेटा या माहितीसंग्रहात आपल्या शहराची ओळख क्यू 1156 अशी आहे. मुंबई, बॉम्बे, बंबई ही तिला लावलेली नावं. एल्फिन्स्टन रोड 2018 मध्ये प्रभादेवी झालं तेव्हा फलाट हलला नाही, पाटी बदलली. नोंदींतही तेवढंच व्हायला हवं.

मराठी शब्द विचारलास. तत्त्वज्ञानात ऑन्टॉलॉजीला 'सत्ताशास्त्र' म्हणतात, पण ते ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर मंत्रालय येतं. मी ऑन्टॉलॉजीच म्हणते, आणि समजावताना 'संकल्पनांचा करारनामा' म्हणते. करारनाम्यात जसं 'यापुढे घर म्हणजे अमुक' असं आधी ठरवून घेतात, तसंच हे.

मी सहा पिढ्यांची वंशावळ जमवली आहे. मुलाने ती संगणकावर भरायला घेतली, पण त्या प्रोग्राममध्ये सगळे 'अंकल' आणि 'कझिन'. मामा कोण, काका कोण, कळेनासं झालं. ही नाती संगणकाला शिकवता येतात का? — एक आजी, मुलुंड

येतात, आणि तुमचा प्रश्न या विषयातला अगदी नामांकित प्रश्न आहे. 2004 च्या आउलमध्ये 'आईचा भाऊ तो मामा' हे लिहायची सोयच नव्हती. 2009 साली दुसरी आवृत्ती आली तेव्हा नात्यांची साखळी लिहिता यायला लागली. आई, मग भाऊ, झाला मामा. नवरा, मग भाऊ, मग त्याची बायको, झाली जाऊ. बायको, बहीण, तिचा नवरा, झाला साडू. आपली भाषा या साखळ्या रोज एकेका शब्दात बोलते. चुलत, मामे, आते, मावस हे चार शब्दच घ्या, साखळी कुठून सुरू झाली ते पहिल्या दोन अक्षरांतच कळतं.

तेव्हा मुलाला सांगा, मामा-काका हाताने भरू नकोस. प्रत्येक माणसाची आई, वडील, भाऊ-बहीण आणि लग्न एवढंच भर, बाकीचं साखळ्यांमधून निघेल. भावंडंही साखळीने काढायचा मोह होईल: वडील, मग त्यांचं मूल, झालं भावंड. तसं करू नये. त्या साखळीने माणूस स्वतःचंच भावंड होतो, कारण वडिलांच्या मुलांत तो स्वतःही आहे. मग तुमचे वडील त्यांचेच भाऊ ठरतील, आणि वडिलांचा भाऊ म्हणून तुमचे काकाही ठरतील. 'स्वतःला सोडून' ही अट त्या साखळीत घालता येत नाही. म्हणून भावंडं हाताने भरणंच बरं.

आणखी एक गोष्ट. मावशीच्या यजमानांना आमच्या घरी 'काका'च म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील. ती हाक आहे, नातं नाही. दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. नात्याच्या रकान्यात 'मावशीचा नवरा' आणि हाकेच्या रकान्यात 'काका'. हाकही जरूर जपा. कोण कोणाला 'ताईकाकू' म्हणायचं, 'भाऊ' म्हणून वडिलांना कोण हाक मारायचं, हे तुमच्यानंतर सांगणारं कोणी उरणार नाही.

आपल्या वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असे पदार्थ कणादांनी सांगून ठेवले आहेत. ऑन्टॉलॉजी म्हणजे तेच नाही का? मग यात नवीन काय? — एक निवृत्त शिक्षक, गिरगाव

सर, प्रश्न तोच आहे हे मला मान्य आहे: जगात मुळात कोणत्या प्रकारच्या गोष्टी असतात, आणि त्या एकमेकांशी कशा बांधलेल्या असतात. माझ्या ऑन्टॉलॉजीतला 'पापलेट' हा प्रकार तुमच्या 'सामान्या'च्या, म्हणजे अनेकांत सारख्या असणाऱ्या जातीच्या, जवळ जातो. पुढच्या वैशेषिकांनी 'अभाव' हा सातवा पदार्थ धरला, तो तर मला रोज आठवतो. जमिनीवर घडा नाही, हेही एक ज्ञान आहे आणि त्याला स्वतःची जागा लागते. वर मी विद्यार्थिनीला 'नाही लिहावं लागतं' म्हणाले, ते लिहिताना हाच अभाव मनात होता.

पण 'म्हणजे तेच' असं मी म्हणणार नाही. वैशेषिक जगाबद्दल बोलतात, जग असंच आहे असा त्यांचा दावा आहे. संगणकातली ऑन्टॉलॉजी एका कामापुरता झालेला करार असतो. प्राणिशास्त्रज्ञाची मांडणी आणि मावशींची मांडणी दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि दोन्हींमध्ये पूल बांधता येतो. कणादांना दोन पर्यायी मांडण्या चालल्या असत्या असं मला वाटत नाही.

माझ्या मते आपल्याकडचे याचे खरे पूर्वज अलीकडचे आहेत. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. ठरावीक पट्ट्या आणि स्क्रू, त्यांतून हवी ती वस्तू. त्यांनी विषयही तसेच जोडायचे ठरवले, आणि 1933 साली कोलन वर्गीकरण प्रसिद्ध झालं. प्रत्येक विषयाचे पाच पैलू काढायचे: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल, काल. आमच्या बाई वर्गात फळ्यावर शीर्षक लिहायच्या, 'मुंबईतील कोळ्यांच्या मासळी सुकवण्याच्या पद्धती', आणि आम्ही त्याचे तुकडे करायचो: मासळी एका पैलूत, सुकवणं दुसऱ्यात, मुंबई तिसऱ्यात. तयार कप्प्यात विषय कोंबायचा नाही, घटकांमधून तो उभा करायचा. ऑन्टॉलॉजी करताना माझा हात आपोआप तसा वळतो, तो त्या वर्गामुळे.

आता प्रश्न विचारला की उत्तर देणारी एआय यंत्रं आली आहेत. त्यांना कोणी ऑन्टॉलॉजी लिहून दिलेली नाही, तरी ती बोलतात. मग हा सगळा खटाटोप कशासाठी? — एक वाचक, बोरिवली

कारण बोलणं आणि बांधील राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखान्याचंच घ्या. एका कागदावर 'मधुमेह' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'डायबेटिस', तिसऱ्यावर रुग्णाने सांगितलं तसं 'शुगर'. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञासंग्रहात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत, आणि त्यात मधुमेहाला 73211009 हा एकच क्रमांक आहे. भारत 2014 पासून त्याचा सदस्य आहे. तीन कागदांवर हा क्रमांक पडला की तिन्ही ठिकाणी एकच आजार आहे याबद्दल वाद उरत नाही, आणि 'टाइप 2' हा त्याचाच प्रकार आहे हेही मांडणीतूनच कळतं. इथे अंदाजाने जुळलेलं उत्तर मला नको आहे, मग ते कितीही छान मराठीत असो. आणि उत्तर चुकलं तर ते कोणत्या चार वाक्यांमुळे चुकलं हे मला प्रश्नचिन्हावर टिचकी मारून बघता आलं पाहिजे.

ही यंत्रं वापरू नका असं मी म्हणत नाही. मासळीच्या नावांची पहिली यादी मीही अशा यंत्राकडून काढून घेते. मग ती छापून बाजारात नेते आणि मावशींसमोर एकेक नाव वाचते. ज्यावर त्या मान हलवतात ते ठेवते. ज्यावर त्यांचा हात थांबतो, त्यापुढे फुली मारून विचारत बसते. पवईच्या आयआयटीत मराठी 'वर्डनेट' तयार झालं आहे, समान अर्थाचे शब्द एकत्र बांधून त्यांची वरखाली नाती लावलेलं. त्याचाही मला खूप उपयोग होतो. पण बाजारातले कितीतरी शब्द अजून कुठेच नोंदलेले नाहीत, आणि ते ज्यांच्या तोंडी आहेत त्या बायका वयस्क होत चालल्या आहेत. म्हणून घाई आहे.

सध्या माझं घोडं 'सरंगा' या शब्दावर अडलं आहे. एका घरी तो मोठ्या पापलेटसाठी ऐकला, दुसऱ्या घरी हलव्यासाठी. दोन्ही घरची माणसं आपल्या शब्दाबद्दल ठाम आहेत. मी तूर्त दोन संकल्पनांना तेच नाव लावून ठेवलं आहे आणि शेजारी गावाचा रकाना उघडला आहे. वसई, अलिबाग, दापोली, मालवण, कुठलेही असा, तुमच्या घरी सरंगा कशाला म्हणतात ते मला कळवा. पत्रात गावाचं नाव लिहा, आणि शब्द कोणाच्या तोंडून ऐकलात, आईच्या की आजीच्या, तेही लिहा.